कासवाला विचारलेला प्रश्न

मुलांनो, आपल्या खानदेशात आखाजीला घागर भरतात. गौराई, झोके, आमरस हे सारं तुम्हाला ठाऊक आहेच. पण अनेक घरांत त्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, तिकडे कधी नीट पाहिलंत का? पावसाळ्याच्या एकेका महिन्याचं एकेक ढेकूळ. झिरपलेल्या पाण्यानं जे जास्त भिजेल, त्या महिन्यात पाऊस जास्त, असं जुनी माणसं म्हणतात. आमच्या नरडाण्याकडे हा गमतीचा प्रश्न नाही बरं! कपाशी कधी लावायची, बियाण्यासाठी कर्ज काढायचं की नाही, सगळं पावसावरच असतं.

हाच प्रश्न सुमारे ३२०० वर्षांपूर्वी चीनचे शांग घराण्यातले राजे विचारत असत. त्यांचं ‘ढेकूळ’ म्हणजे कासवाचं पोटाकडचं कवच, नाहीतर बैलाच्या खांद्याचं चपटं हाड. त्याच्या मागच्या बाजूला लहान लहान खळगे कोरायचे आणि तिथं चटका द्यायचा. हाड तडकायचं. तड कशी गेली ते पाहून उत्तर ठरवायचं! पाऊस पडेल का, पीक येईल का, राजाची दाढ कोणत्या पूर्वजाच्या रागामुळं दुखते, असे सगळे प्रश्न त्या हाडावर कोरून ठेवत.

पुढं ही हाडं जमिनीत गाडली गेली. नंतरचे लोक ती ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून उगाळून औषधात घेऊ लागले. १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानाच्या लक्षात आलं, की अरे, यावर तर अक्षरं आहेत! चीनमधलं ते सर्वांत जुनं लेखन ठरलं. आजवर असे दीड लाखाहून जास्त तुकडे सापडले आहेत.

त्यातल्या एका कवचावर राणी फू हाओची गोष्ट आहे. राणीला दिवस गेले होते. बाळंतपण नीट होईल का, असं वू डिंग राजानं विचारलं. अमुक दिवशी झालं तर शुभ, असं भाकीतही केलं. पुढं काय झालं तेही तिथंच कोरलंय. एकतीस दिवसांनी राणी बाळंत झाली. ‘चांगलं झालं नाही, मुलगी झाली.’

वाचून राग आला ना? आता पुढचं ऐका. ही फू हाओ स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जात असे, हेही याच हाडांनी सांगितलं. १९७६ साली तिची कबर सापडली, तेव्हा आत कितीतरी शस्त्रं निघाली. आणि ती कबर शोधणाऱ्या पथकाची प्रमुख होती झंग झेन्शिआंग, एक बाईच! म्हणजे हाड काही बोललं नव्हतं. मुलगी वाईट, हे माणसाच्याच मनात होतं.

चिनी लोकांची दुसरी रीत नाण्यांची. तीन नाणी सहा वेळा उडवायची. दर वेळी एक रेघ मिळते, अखंड किंवा तुटलेली. सहा रेघांच्या आकृत्या होतात किती? दोनाला दोनानं गुणत जा, सहा वेळा दोन घ्या. बरोब्बर, ६४! ‘ई चिंग’ या जुन्या ग्रंथात प्रत्येक आकृतीचा अर्थ दिलाय.

तिसरी रीत काड्यांची. ती पाहायला चीनला जायला नको. मुंबईत माझगावला चिनी लोकांचं छोटं मंदिर आहे, १९१९ सालचं. नळकांड्यात आकडे घातलेल्या बांबूच्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडं हलवायचं. जी काडी बाहेर पडेल, तिच्या आकड्याचं भविष्य वाचायचं.

मग हे खरं ठरतं का? २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या ज्योतिषाचीच परीक्षा घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. त्यातल्या प्रत्येकी ४० कुंडल्या २७ ज्योतिषांनी तपासल्या आणि कोणती कोणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसतं नाणं उडवलं असतं, तरी निम्मी बरोबर आली असती!

करून पाहा : आईस्क्रीमच्या दहा काड्यांवर १ ते १० आकडे घाला. दहा चिठ्ठ्यांवर गोलमाल वाक्यं लिहा. उदाहरणार्थ, ‘तू मनातलं सगळं बोलत नाहीस’, ‘लवकरच एक बातमी कळेल’. दहा मित्रांना एकेक काडी काढायला लावा. ‘अगदी खरं आहे!’ असं किती जण म्हणतात, ते मोजा. शेवटी सगळ्या चिठ्ठ्या उघड्या करून दाखवा. वाक्य सगळ्यांनाच लागू पडतं, हे त्यांचं त्यांनाच दिसेल.

आणि हो, आईबाबांनो, एक विनंती. आखाजीला ढेकळं जरूर ठेवा, सण आपलाच आहे. पण पेरणी ठरवताना जमिनीतली ओल आणि हवामान खात्याचा अंदाज पाहा. आणि मुलगा असो की मुलगी, तिनं पुढं काय शिकायचं, ते मात्र कुठल्याही काडीला विचारू नका. तिलाच विचारा.