पागाच्या घेरातली खाडी

कार्तिक वद्य एकादशीला वसईजवळच्या निर्मळची यात्रा भरते. त्या दिवशी जवळच्या कळंब किनाऱ्यावर पूर्ण भरती केव्हा, हे खाडीकाठचा माणूस तिथीवरून सांगतो. तिथीचे पाऊणपट करायचे. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, पुढे सहा तासांनी सुकती. भरतीची वेळ चंद्राबरोबर रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून हा तोंडी हिशेब टिकला. जिताडा माशासाठी गळाला जिवंत कोळंबी लावायची, तर ती पकडायचं जाळं, म्हणजे पाग, हातात घेण्याआधी हाच हिशेब करावा लागतो.

एकादशीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, असते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, या किनाऱ्यावर भरती-सुकतीत ४ मीटरहून अधिक फरक पडतो. पाणी ओढीनं धावतं आणि पाग तळाला टेकण्याआधीच एका अंगाला वाहतो. भांगात पाणी संथ. ओहोटी लागली की तिवरांच्या मुळांत चरायला शिरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं पाण्याबरोबर चिंचोळ्या ओहळांत उतरतात. पाग टाकायचा तो ओहळाच्या तोंडाशी.

पाग म्हणजे गोल जाळं. मध्यातून निघालेली दोरी मनगटाला, परिघावर शिशाच्या गोळ्या, कडेला आत दुमडलेले खिसे. पूर्वी सुती असे, आता नायलॉनचा. आमिषासाठी आस, म्हणजे जाळ्याचा डोळा, बारीक लागतो, पण बारीक आसाचं जाळं सावकाश बुडतं, म्हणून ते उथळातच चालतं. काही जण शिशाची कड दातांत धरून फेकतात. शिसं विषारी आहे. ही सवय मोडलीच पाहिजे. फेकीचं कसब कमरेच्या वळणात असतं. जाळं हवेत पूर्ण उघडून सपाट पडलं, की कड सगळीकडून एकदम टेकते. एक बाजू आधी पडली, तर दुसरीकडून बोय उडी मारून पसार होते. कालवांचे दगड असतील तिथं पाग टाकूच नये, फाटतो.

मग कोळंबी जगवण्याचं काम. त्याच खाडीचं पाणी, सावली, आणि भांड्यात दाटी नको. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. एक मेली तर लगेच काढायची, नाहीतर पाणी नासतं. गळ शेपटीजवळून ओवायचा, किंवा डोक्यावरच्या करवती काट्याखालून, आतल्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता. जिताडा दबा धरून बसतो आणि तोंड झटक्यात उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. त्याच्यासमोर कोळंबी धडधाकट पोहत राहायला हवी.

आधी नर आणि मोठेपणी मादी होणारा जिताडा खाडीच्या मुखाशी अंडी घालतो. कोळंबीच्या अनेक जाती समुद्रात अंडी घालतात. पिल्लं भरतीबरोबर येऊन तिवरांत वाढतात. म्हणजे आमिष म्हणून पागात येतात ती बहुतेक पिल्लंच. गळाला पुरतील तेवढी ठेवावीत आणि बाकीची तिथल्या तिथं सोडावीत, असं मी आग्रहानं म्हणतो. पागात ते शक्य आहे, कारण जीव काही क्षणच जाळ्यात असतो. प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यात तासन्‌तास दाबला गेलेला जीव असा परत जात नाही.

निर्मळजवळची सोपारा खाडी एके काळी वसई आणि वैतरणा या दोन्ही खाड्यांना जोडत होती. तिच्या काठच्या सोपारा बंदरातला स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला. पुढे खाडी गाळानं भरत गेली. आज तिच्या उरल्यासुरल्या ओहळांवर भराव येतो आहे, सांडपाणी येतं आहे. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांची, म्हणजे तिवरांच्या जंगलांची, तोड हा जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मज्जाव केला. भराव पडताना सगळ्यात आधी बुजतात ते चिंचोळे ओहळ. वसईच्या खाड्यांची मोजणी होईल, तेव्हा ते कुठे आहेत हे पाग टाकणाऱ्यांना विचारून नकाशात घ्यायला हवं.