मधुमेह : राबणाऱ्या माणसालाही होतो



पत्रिका शेतीची आणि विषय दुखण्याचा, हे कसं, असं कोणी विचारील. केळीवर रोग दिसला की आपण धावतो, बैल लंगडला तर गुरांच्या डॉक्टरला आणतो. पण वाडीत राबणाऱ्या माणसाचं रक्त तपासायला मात्र पाय पडेपर्यंत थांबतो. होळी, गिरीज, नंदाखाल, आगाशी या बाजूला एक समज अजून पक्का आहे: “साखर शेटजी लोकांना होते, घाम गाळणाऱ्याला नाही.” हा समज खोटा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. शहरात १०० प्रौढांमागे सुमारे १६, आणि खेड्यात सुमारे ९. म्हणजे आपणही सुटलेलो नाही.

हा रोग नेमका काय ते पाण्याच्या हिशेबाने पाहू. बावखलातून पंपाने पाणी पाटात सोडलं आहे. पाट भरून वाहतो आहे, पण वाफ्यांची तोंडं उघडायला माणूस नाही. मग काय होईल? पाट फुटेल आणि वाफे कोरडे राहतील. जेवणातून आलेली साखर हे पाणी, रक्त हा पाट, आणि शरीराच्या पेशी हे वाफे. तोंडं उघडणारा गडी म्हणजे इन्सुलिन. ते पोटातल्या स्वादुपिंडात तयार होतं. गडीच आला नाही, किंवा आला पण वाफ्याची तोंडं घट्ट बसल्यामुळे त्याचं काही चालेना, तर रक्तात साखर साचते. ती १८० च्या आसपास गेली की लघवीवाटे वाहू लागते, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, सारखी तहान, आणि पोटभर जेवूनही थकवा.

गडी मुळातच न येणं हा प्रकार बहुधा लहान वयात दिसतो. त्या मुलाला पहिल्या दिवसापासून इन्सुलिनचं इंजेक्शन लागतंच, दुसरा इलाज नाही. तोंडं घट्ट बसणं हा मोठ्या माणसांचा प्रकार, आणि आपल्याकडे जास्त करून हाच आढळतो. आईबापांना असेल तर मुलांना धोका जास्त. पोटावर चरबी चढली की आणखी जास्त. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० च्या आत असावा. ब्लाउज शिवणाऱ्याच्या टेपने घरीच मोजा.

“पण आमचा माणूस तर काडीसारखा!” याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या शेतकरी घरांतून मिळालं आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मायलेकरांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं बारीक खरी, पण कमी होतं ते मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबी. अशा अंगाला पुढे खाणं वाढलं आणि काम घटलं की साखर लवकर धरते. म्हणून गरोदर बाईचं खाणंपिणं हा सुद्धा मधुमेहाचा प्रश्न आहे, हे सासूबाईंनी ध्यानात घ्यावं. आणि काम घटलंच आहे. रहाट गेले, पंप आले. बाजाराला चालत जाणारा आता मोटारसायकलवर बसतो.

लघवीला मुंग्या लागण्याची वाट पाहू नका. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर, अथवा ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा वर आली, तर मधुमेह समजतात. त्रास नसेल तर तपासणी दुसऱ्यांदा करून खात्री करतात.

आता खाणं. भात बंद करायची गरज नाही, पण ताटातला डोंगर उतरवा; त्या जागी डाळ, भाजी, मासळी घ्या. साखर सोडून गूळ खाण्यात फायदा नाही, रक्ताला दोन्ही सारखेच. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. आणि आपली सुकेळी! पाणी आटतं, साखर आटत नाही. दोन सुकेळी सहज तोंडात टाकणारा माणूस दोन अख्खी राजेळी केळी खातो, हे विसरतो.

खाणं आणि चालणं यांनी भागलं नाही तर गोळ्या, त्यांनी नाही तर इन्सुलिन. इन्सुलिन सुरू झालं म्हणजे शेवट आला, असं मुळीच नाही. कारलं, जांभळाच्या बियांची पूड कोणी घेत असेल तर डॉक्टरला सांगावं, पण त्यांच्या भरवशावर औषध थांबवू नये. लहान मुलाचं इन्सुलिन बंद केलं तर जीव जातो.

काही गोळ्या आणि इन्सुलिन यांनी साखर फार खालीही उतरते. गोळी घेऊन न्याहारी न करता लावणीला उतरलात, तर हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, माणूस बरळतो. उपाशीपोटी माडी घेतली असेल तर धोका वाढतो, आणि लोक “प्यायलाय” म्हणून सोडून देतात. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरं न वाटल्यास पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

सगळ्यात जपायचे ते पाय. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. चिखलात काटा रुतला, कोयत्याचं टोक लागलं, तरी कळत नाही, आणि जखम चिघळून पाय कापायची वेळ येते. अनवाणी वाडीत जाऊ नका, खाचरात गमबूट घाला. रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, तळवे आरशात पाहा. जखम लाल किंवा काळी पडली तर हळद भरून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवी तपासून घ्या.

इन्सुलिनची बाटली ठेवायला घरात फ्रीज नसेल, तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पाणी भरलेल्या मोठ्या मडक्यात ठेवलेल्या छोट्या कोरड्या गाडग्यात सावलीला ठेवावी. बर्फात कधीही ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं.