हंसांच्या परतीचा काळ

‘मेघदूता’च्या अभ्यासकाने माघ-फाल्गुनात एकदा तरी छत्तीसगडातील तलावांच्या काठी जावे, ही सूचना विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु यक्षाचा रामगिरी कोठे, या वादातील दोन प्रमुख स्थळे याच प्रदेशाच्या दोहों बाजूंस आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपूरजवळच्या रामटेकाचा पक्ष मांडला. अन्य काही विद्वानांनी सरगुजातील रामगढ पुढे केला. रायपूर या दोहोंच्या मधल्या मुलुखात येते. रामगिरी कोणताही माना. आषाढाच्या आरंभी तेथून मेघासोबत निघणारे राजहंस कोणते, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर केवळ कोशात सापडण्यासारखे नाही.

छत्तीसगडला समुद्र नाही. पाणपक्षी पाहावयाचे ते तलावांवर. रायपूरच्या उत्तरेस बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदा हे पाणथळ क्षेत्र आहे. २०२१ च्या जानेवारीअखेरीस तेथे राज्यातील पहिला पक्षिमहोत्सव भरला. हिवाळा सरत आला तरी तेथे तलवार बदके, थापटे, चक्रांग दिसतात आणि दैव अनुकूल असल्यास पट्टकादंबही. (घरच्या अंगणात पक्षी पाहण्याची सोय छत्तीसगडी शेतकऱ्याने पूर्वीच करून ठेवली आहे. नव्या धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर तो दाराशी टांगतो आणि चिमण्या ती टिपून संपवितात.) पट्टकादंबाचा देह फिकट राखी, डोके पांढरे व त्यावर दोन काळे पट्टे, पाय नारिंगी. त्याची वीण तिबेट, लडाख, मंगोलिया या प्रदेशांत होते. हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरांच्या आसपास उंची गाठतो, हे उपग्रहाद्वारे केलेल्या मागोव्यातून सिद्ध झाले आहे. मानसाकडे जाणारा हंस म्हणून याच्याइतका समर्थ उमेदवार दुसरा नाही.

अडचण आहे ती काळाची. हे पक्षी मार्च-एप्रिलपर्यंत मैदानी प्रदेश सोडतात. आषाढात मेघ गर्जू लागतो तेव्हा ते उत्तरेकडील सरोवरांकाठी पिले वाढवीत असतात. मग मेघाची सोबत करावयास रामगिरीवर कोण उरले?

हा निव्वळ कविसंकेत होय, असे म्हणून मोकळे होता येते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना वस्तुतः नसलेले जे जे कवी वर्णितात त्यांत जलाशय दिसला की तेथे हंस असणे हाही प्रकार गणला आहेच. पण एवढ्याने समाधान होत नाही, कारण हाच कवी इतरत्र फार नेमके बोलतो. हिमालय ओलांडण्यासाठी त्याने हंसांना क्रौंच पर्वतातील रंध्राची वाट दिली आहे. म्हणजे हे पक्षी पर्वतरांगांपलीकडे जातात ही जाण त्या परंपरेत होती. ‘ऋतुसंहारा’त हंसांचा कलरव शरदात ऐकू येतो, आणि पट्टकादंब आपल्याकडे उतरतात तेही ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आगमन बरोबर, गंतव्य बरोबर. चुकते ते केवळ प्रयाण.

माझ्या मते याचे कारण पाहणाऱ्याच्या अनुभवात आहे. आगमन डोळ्यांत भरते; प्रयाण मात्र थव्याथव्याने, पुष्कळदा रात्री, कोणाच्या ध्यानात न येता होते. अभाव जाणवतो तो पुढे, पावसाने तलावाचे रूप पालटल्यावर. शिवाय पहिल्या पावसानंतर स्थानिक पाणपक्षीही तलाव सोडून भरलेल्या शेतांत आणि डबक्यांत पांगतात. मेघ आला की पाणपक्षी निघून जातात, हे लोकनिरीक्षण म्हणून खोटे नव्हे. त्यातील हंस कोणता, एवढाच घोटाळा आहे. कवीला आषाढात सोबती हवा होता, त्याने तो या समजुतीतून उचलला.

‘अमरकोशा’तील व्याख्या मात्र या ओळखीला पूर्णतः अनुकूल नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथील राजहंस पांढरा असून त्याची चोच व पाय तांबडे आहेत. पट्टकादंबाचा देह पांढरा म्हणवत नाही. ‘राजहंस’ हे एकाच जातीचे नाव असेल, असा आग्रह धरणेच कदाचित अयोग्य ठरेल.

चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांच्या अनुवादांतून ‘मेघदूत’ वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात जो हंस उभा राहतो तो बहुधा रविवर्म्याच्या दमयंतीपुढला: शुभ्र आणि लांब मानेचा. तसा पक्षी भारतात क्वचितच, तोही वायव्येकडे, वाट चुकून येतो. मूळ कवीच्या पुढे तो असण्याची शक्यता फार थोडी. अनुवादाच्या टिपांत वनस्पतींची ओळख हौसेने दिली जाते. पक्ष्यांच्या बाबतीत ‘एक पक्षी’ एवढ्यावर काम भागविले जाते. निदान शाळा-महाविद्यालयांच्या आवृत्त्यांत तरी पट्टकादंबाचे एखादे चित्र द्यावे, आणि तो या प्रदेशात कोणत्या महिन्यांत असतो हेही त्याखाली छापावे.