बदली वादकाची तयारी

आमच्या खानदेशांत, ऐन लग्नसराईंत, बँडांतील क्लॅरिओनेटवाला आजारी पडतो आणि धुळ्याच्या वरातीसाठीं जळगावच्या माणसास उभें राहावें लागतें. गाणीं सारीं अनोळखी! अशा वेळीं संपूर्ण चाल पाठ करूं जाणें व्यर्थ होय. आम्ही प्रथम पट्टी विचारतों. मग ठेका, आठ मात्रांचा केरवा कीं सहांचा दादरा. त्यानंतर केवळ ध्रुवपद घोटतों, आणि अंतऱ्यावरून समेवर कोठें परतावयाचें तें कागदावर टिपतों. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) ह्यांच्या स्वरलेखनांत समेस फुलीची खूण असते. तीच आम्ही पेन्सिलीनें करतों. अंतऱ्यांत स्वर सुटल्यास खुशाल गप्प राहावें, सोबती सांभाळून घेतात. सम चुकली, तर मात्र नाचणाऱ्यांचीं पावलें अडखळतात व सारी वरात आमच्याकडे वळून पाहते.