नांगर आहे, खोत नाही

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून झाली आणि २००२ साली तिची महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या आठ लाखांवर होती. आज पन्नाशीत असलेल्या मूळ रहिवाशाचा जन्म ग्रामपंचायतीच्या हद्दीतला. त्याची नातवंडं मात्र मोट आणि जातं बघायला सहलीच्या बसमधून कोल्हापूरला नाहीतर बारामतीला जातात. जुनी शेती पुन्हा उभी करायचे असे प्रयोग आता बरेच झाले. त्यांत काय हाती लागतं आणि काय निसटतं, ते बघायला हवं.

या खटाटोपाचं पहिलं मोठं उदाहरण स्वीडनमधलं. कारखानदारीपुढे खेडं टिकत नाही हे ओळखून आर्टूर हाझेलियसने देशभरातली जुनी घरं हलवून आणली आणि १८९१ साली स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ हे खुलं संग्रहालय थाटलं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आहे. तिथे बारा बलुतेदारांचं गाव पूर्णाकृती पुतळ्यांतून मांडलंय. गोव्यात बाणावलीच्या ‘गोवा चित्र’मध्ये व्हिक्टर ह्यूगो गोमेस यांनी वापरातली अवजारं गावोगाव फिरून जमवली. तिसरी वाट कृषी पर्यटनाची. पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास बारामतीकडे ती रुळवली, २०२०मध्ये राज्याचं धोरणही आलं. हुरडा, बैलगाडीची रपेट, चुलीवरची भाकरी यांतून शेतकऱ्याच्या हाती चार पैसे पडतात, ही जमेची बाजू लहान नाही.

तरी या सगळ्यांत वस्तू राहते आणि व्यवहार गळतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हाच त्यांना बलुत्यातली कुरकुर आणि कुचंबणा स्पष्ट दिसत होती. महार वतन म्हणजे राबणूक, हे डॉ. आंबेडकर १९२०च्या दशकापासून सांगत होते. ते कायद्याने जायला १९५८ उजाडलं. पुतळ्यांच्या गावात मात्र भांडण नाही, थकबाकी नाही, दुष्काळही नाही.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. इथली शेती देशावरच्या मोटेची नव्हे. खाडीकाठच्या खारजमिनीतल्या भाताची, आणि तिच्या शेजारी मिठागरांची. खाडीला मातीचा बांध, बांधात लाकडी झडपेची उघाडी. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरतीचं पाणी तीच झडप बाहेरून दाबून बंद करतं. पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन निघाला की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. खेकड्यांनी बांध पोखरला आणि उधाणाला खांड पडली, तर खारं पाणी आत शिरून पुढच्या हंगामावरही पाणी पडतं. म्हणून खांड बुजवायला अख्खं गाव उतरे. एकट्याच्या शेताला इथे अर्थच नव्हता. ही व्यवस्था इतकी मोलाची होती, की स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, मुंबई प्रांताने खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला.

आणि पिकलेलं भात जायचं कुणाच्या कोठारात? अलिबागजवळच्या चरीच्या आगरी कुळांनी हाच प्रश्न विचारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं त्यांनी खोतांची, म्हणजे जमीनदारांची, शेतं पडीक ठेवली आणि प्रसंगी लाकूडफाटा विकून दिवस काढले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे कोकणातली हीच धग होती. जुनी शेती दाखवायची तर न पेरलेलं शेतही दाखवावं लागेल.

मीरा-भाईंदरमधल्या राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन या पट्ट्यात अजून थोडी शेतीवाडी तग धरून आहे. मेट्रो ९ची कारशेड राई-मुर्ध्याकडे येणार म्हटल्यावर ग्रामस्थ विरोधात उभे राहिले. ती डोंगरीकडे सरकली, तर तिथे झाडांवरून वाद पेटला. अशा ठिकाणी पुतळ्यांचं गाव उभारण्याची गरज नाही. एक बांध, एक चालती उघाडी आणि दोन खाचरं एवढं राखलं, दर पावसाळ्यात शाळेतल्या पोरांना बांध लिंपायला नेलं आणि शेजारी कुळाच्या नि खोताच्या वाट्याचा हिशेब फळ्यावर मांडला, तर पुरे. त्यासाठी आधी ती जमीन विकास आराखड्यात शेती म्हणून शिल्लक राहायला हवी. नाहीतर पुढच्या पिढीला भाईंदरची शेतीसुद्धा तिकीट काढून दुसऱ्या जिल्ह्यात बघावी लागेल.