वाऱ्याची वाट कशी मोजतात?

गिरगांवांतील जुन्या चाळीच्या खोलीस बहुधा एकीकडे गॅलरींत उघडणारें दार व दुसरीकडे खिडकी असते. दुपार कलल्यावर समुद्रावरून वारा सुटला कीं, घरांतील वडील माणसें दोन्ही उघडीं ठेवावयास सांगतात. वारा एकीकडून आंत यावा व दुसरीकडून बाहेर जावा, हें व्यवहारज्ञान जुनें आहे. परंतु तो खोलींत कोणत्या वाटेनें फिरतो व कोणत्या कोपऱ्यांत मुळींच पोहोंचत नाहीं, हें अंगास लागलेल्या झुळुकेवरून कळत नाहीं.

ह्या प्रश्नाशीं आरोग्याचा निकट संबंध आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली व १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्तींत समुद्राचा वारा शिरावा म्हणून ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. इमारतींस उजेड व हवा मिळावी म्हणून ६३॥ अंशांच्या कोनाचा नियमही आला; म्हणजे समोर १० फूट जागा मोकळी असेल, तर भिंत सुमारें २० फुटांहून उंच नसावी. प्लेग पिसवांच्या दंशानें पसरतो हें पुढें सिद्ध झालें. पण क्षय हवेंतूनच पसरतो, म्हणून खेळत्या हवेचें महत्त्व तिळभरही कमी झालें नाहीं.

हा नियम मोकळी जागा मोजतो, वारा मोजीत नाहीं. वारा भिंतीवर आदळतो, कोपऱ्यावरून निसटतो आणि इमारतीच्या पाठीमागें भोंवरे करतो. पंख्याच्या वायुमापकानें त्याचा वेग घेतां येतो. परंतु घरांतील मंद वाऱ्यानें तो पंखा नीट फिरत नाहीं, आणि यंत्रच वाऱ्याच्या वाटेंत उभें राहतें. म्हणून शास्त्रज्ञांनीं प्रकाशाची मोजपट्टी केली.

थिओडोर मेमन ह्यांनीं १९६० सालीं अमेरिकेंत पहिला लेसर चालविला. १९६४ सालीं येह व कमिन्स ह्यांनीं त्याच्या प्रकाशानें पाण्याच्या प्रवाहाचा वेग मोजला. हीच युक्ति हवेलाही लागू पडते. लेसरचे दोन किरण एकमेकांस छेदतात तेथें प्रकाशाचे व अंधाराचे बारीक पट्टे पडतात. हवेंत सोडलेल्या धुराचा कण ते ओलांडूं लागला कीं लुकलुकतो. दोन पट्ट्यांतील अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग असेल व कण सेकंदांत ४०,००० वेळां लुकलुकला, तर वाऱ्याचा वेग सेकंदास २० सेंटिमीटर ठरतो.

ही एका बिंदूची मोजणी झाली. सबंध खोलीचें चित्र हवें असल्यास दुसरी रीत आहे. कवडशांत नाचणारे धूलिकण श्रोत्यांनीं पाहिले असतीलच. त्याचप्रमाणें लेसरचा किरण भिंगानें पसरून उजेडाचा पातळ पडदा करतात व त्यांतील धूम्रकणांचीं लागोपाठ दोन छायाचित्रें घेतात. सेकंदाच्या शंभराव्या भागांत कण २ मिलिमीटर सरकला, तर वेग तोच, २० सेंटिमीटर. अशा हजारों कणांवरून वाऱ्याचा नकाशा तयार होतो.

इमारतीच्या बाबतींत हा प्रयोग लहान पारदर्शक प्रतिकृति वाऱ्याच्या बोगद्यांत ठेवून करतात. मॉन्ट्रिअलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठांतील असें संशोधन २०११ सालीं प्रसिद्ध झालें. झरोके किती मोठे आहेत एवढ्यावरच हवेची वाट ठरत नाहीं, ते भिंतींत कोठें आहेत ह्यावरही ती ठरते, असें त्यांत दिसून आलें.

लालबाग-परळांत गिरण्यांच्या जागीं मनोरे उभे राहिले आहेत. नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींच्या जागींही उंच इमारती बांधण्याचें काम हातीं घेतलेलें आहे. नव्या घरांत गॅलरीच्या जागीं बंद बोळ आला आणि खिडकीसमोर शेजारची भिंत आली, तर चाळींत फुकट मिळणारा वारा महाग होईल. लेसर वारा निर्माण करीत नाहीं. तो कोठें अडेल एवढेंच आधीं दाखवितो. प्रतिकृतींतील खिडकी घटकाभरांत हलवितां येते. काँक्रीटच्या भिंतींतील खिडकी मात्र कुटुंबास जन्मभर आहे तशी पतकरावी लागते.