पाव फेऱ्याचं काम

गाडीला रंग लागला, टाकीवर सोनेरी रेघ आली, की बघणारे म्हणतात, "झाली की गाडी!" आमच्या गल्लीत तर पेढे मागायलाही आले. पण मैत्रिणींनो, जुनी मोटारसायकल घरी बांधायला घेतली, तर रंग लागतो तेव्हा काम जेमतेम निम्म्यावर आलेलं असतं. उरलेलं निम्मं कुणाला दिसत नाही. ते कानाने आणि बोटांच्या टोकांनी करायचं असतं, आणि गाडी घरात राहणार की जाणार, हे त्यावरच ठरतं. आमच्याकडे तर अगदी शब्दशः ठरणार होतं.

गाडी आबांची. १९८४ सालची बुलेट ३५०. आबा २०१८ मध्ये गेले, पुढच्या वर्षी नोंदणीची मुदत संपली आणि गाडी परड्यातल्या पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. जुन्या बुलेटना हल्ली चांगली मागणी आहे. पुण्याच्या दादाने एक गिऱ्हाईकही आणलं. आई म्हणाली, "चालू झाली आणि कागद सरळ झाले तर ठेवू. नुसती उभी ठेवायला ती काय देव्हाऱ्यात बसवायची आहे?" मुदत ठरली दिवाळीपर्यंतची. चालू झाली तर ती माझ्या नावावर करायला दादाची हरकत नव्हती. ती चालू होणार नाही याची त्याला खात्रीच होती म्हणा ना!

गडहिंग्लजहून इंजिनाचा सिलिंडर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेला, बोअर करून आणला, वीस थाउ मोठा पिस्टन बसवला. ३४६ सीसी, सत्तर मिलिमीटरचा बोअर आणि नव्वदचा स्ट्रोक. म्हणजे पिस्टनचा प्रवास लांबलचक. ती जी 'धकधक' आपण लांबून ओळखतो, ती बरीचशी त्यामुळेच. हे काम यंत्रावरचं, ते तिथल्या कारागिरांनी चोख केलं. जोडाजोड मात्र घरी, आबांचे जुने दोस्त असलेल्या मिस्त्रींच्या देखरेखीखाली. ते खुर्चीवर बसून सांगायचे, पाना माझ्या हातात.

आता गाडी 'आपली' करायची म्हणजे काय करायचं? मी पाच फूट एक इंच. आबांच्या सीटवर बसलं की टाचा अधांतरी. ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "फ्रेम कापून खाली घेऊ, आखूड सायलेन्सर टाकू, भारी दिसेल." दिसेल हो, पण चालेल का? जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद झाली. कर्कश सायलेन्सर तर पोलिसांनी अनेक शहरांत रोडरोलरखाली चिरडले आहेत. आणि माझ्या मते ते बरंच केलं. म्हणून फ्रेमला हात लावला नाही. गादीवाल्याकडून सीटचा फोम दोन इंच कमी करून घेतला, पुढचा भाग अरुंद केला. क्लचची आणि ब्रेकची मूठ माझ्या बोटांना पुरेल अशी फिरवून घेतली. रंग आरसीवर लिहिलेला, तोच, काळा. एवढ्यावर टाचा नाही, पण चवडे नीट टेकतात. तेवढं पुरतं.

मग सुरू झालं ट्यूनिंग. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली, पण कशी? धुराचा लोट, मधेच मिसिंग, ॲक्सिलरेटर दिला की घसा बसल्यासारखा आवाज. दादा फोनवरून ते ऐकून हसला. मिस्त्री म्हणाले, "पोरी, आता गाडीचं ऐक. माझं नको."

या कामाला क्रम असतो. आधी टॅपेट. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आलेला हवा. पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मग पॉइंट. त्यांच्यातलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, ते फिलर गेजने मोजायचं. त्यानंतर टायमिंग. पिस्टन अगदी माथ्यावर पोचायच्या सुमारे ०.८ मिलिमीटर आधी ठिणगी पडायला हवी. हे बघायची जुनी युक्ती मोठी गमतीची. पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरायचा, हळूच ओढत राहायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडले. माझ्या ॲप्रनच्या खिशात सिगारेटचं पाकीट बघून आईचा चेहरा काय झाला होता, ते काही मी इथे लिहीत नाही.

टायमिंगला एवढं जपायचं, कारण ते फार पुढे गेलं तर किक उलटी मारते. पाय मोडलेली माणसं आहेत आमच्या गावात. आणि बुलेटची किक म्हटलं की बायका पहिल्यांदा तिलाच घाबरतात. "तुला झेपेल का?" हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! तर ऐका. किकला ताकद लागते, हे अर्धंच खरं. हेडलाइटजवळ तो छोटा ॲम्पिअर मीटर असतो ना, त्याच्याकडे बघायचं. किल्ली चालू करून किक सावकाश दाबत गेलं, की काटा एका बाजूला झुकलेला असतो आणि एका जागी झटकन मध्यावर येतो. पॉइंट उघडल्याची ती खूण. पिस्टन आता कॉम्प्रेशनच्या माथ्याशी आहे. तिथे डीकॉम्प्रेसरची छोटी मूठ ओढायची, कोंडलेली हवा फुस्सकन जाते. किक अगदी थोडी पुढे ढकलायची, मूठ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच सलग, पूर्ण लाथ. माथ्यावरून पलीकडे गेलेला पिस्टन आपल्या विरोधात उभा राहत नाही. हे न बघता दणादण किक मारणारे पैलवानही घामाघूम होतात. माझं वजन ५२ किलो. आता बहुतेक वेळा दुसऱ्या किकला सुरू होते.

सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. हा बायकांचा प्रांत नव्हे असं कुणी म्हटलं, तर त्यांना इंग्लंडच्या बिॲट्रिस शिलिंगचं नाव सांगा. या इंजिनिअर बाईने १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटारसायकल ताशी शंभर मैलांच्या वर पळवली होती. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं एकदम नाक खाली करून सूर मारताना त्यांच्या कार्बोरेटरचं गणित बिघडायचं आणि इंजिन गचके खाऊन बंद पडायचं. तिने त्यात भोक असलेली धातूची एक छोटीशी चकती बसवली आणि ते थांबवलं.

माझी अडचण तिच्यापुढे किरकोळ. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढराफटक निघाला असता तर उलट, आणि ते जास्त वाईट, कारण इंजिन तापतं. हवा तो दुधाच्या चहाचा रंग. एअर फिल्टर धुतला, कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई तेवढी खाली गेली. मग एअर स्क्रू हलकेच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला. पंधरा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम केलं आणि मग स्क्रू पाव पाव फेरा फिरवत ऐकत बसले. एका जागी आवाज उचलतो, सरळ होतो. त्याच्या पुढे गेलं की पुन्हा अडखळतो. ती जागा सापडायला तीन संध्याकाळी गेल्या. रॉकेलच्या स्टोव्हची पिन मारून निळी ज्योत आणणाऱ्या आपल्या आयांना हे एका संध्याकाळीत जमलं असतं, असं मला फार वाटलं.

ही नुसती हौस नव्हती, कारण पुढे पीयूसी होतं. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा साडेचार टक्के. ट्यूनिंगआधी आमची गाडी ६.१ दाखवत होती. ती तशी राहिली असती, तर पीयूसी नाही. पीयूसी नाही तर विमा-कागद घेऊन आरटीओच्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थच नव्हता. दिवाळीला नऊ दिवस राहिले असताना पीयूसीवाल्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली. आकडा वरखाली होत होत ३.४ वर थांबला. मी आकडा दादाला पाठवला. त्याचं उत्तर यायला तासभर लागला. "आईला सांग, मी सही करायला येतो."

पुढचं कागदांचं. वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१, नोंदणी पुढे पाच वर्षं वाढवायला फॉर्म २५, उशिराचे पैसे, पर्यावरण कर, आई-दादाची संमतिपत्रं. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली, दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले. हा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेला जुना प्रकार. "चालवता कोण?" त्यांनी विचारलं. मी किकवर पाय ठेवला.

बोअर झाल्यापासून ३२० किलोमीटर झालेत. अजून पन्नासच्या पुढे पळवायची नाही. पाचशेला तेल बदलायचं, इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा कसायचे, टॅपेट परत बघायचे. मिस्त्री म्हणालेत, त्या रविवारी मी येतो. आई मागे बसून जोतिबाला जायचं म्हणतेय. चढण आहे, मी म्हटलं, आधी पाचशे होऊ देत.